ज्याला ठाऊक त्यानं भाव सांगायचा

बाबा, घर्रर्र आणि शेवटी टक्. रविवारी सकाळी व्हरांड्यात बसून तुम्ही दोन भिंगांच्या त्या कॅमेऱ्याचं शटर एका सेकंदावर ठेवायचे, कॅमेरा कानाशी धरायचे आणि मला म्हणायचे, "हं, म्हण." मी शाळेत पाठ केलेला शिखरिणी वृत्तातला श्लोक सुरू करायचो, तुम्ही शटर दाबायचे. सहाव्या अक्षरापाशी, जिथे यती, म्हणजे थांबा, येतो, तिथेच टक् आलं तर शटर निरोगी. मागे रेंगाळलं तर आतलं तेल सुकलं. दिवसभर कारखान्यात तोफांचे भाग मापणारे तुम्ही, घरी कवितेनं माप घ्यायचे. तो कॅमेरा तुम्ही रेल्वेतल्या एका साहेबाच्या विधवेकडून घेतला होता. तिनं खेळण्याचा भाव मागितला, तर तुम्ही घरी येऊन आणखी पैसे घेऊन परत गेले. आई केवढी चिडली! "मागितल्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक जबलपुरात तुम्हीच एक!" तुम्ही शांतपणे म्हणाले, "तिला ठाऊक नाही, मला आहे. ज्याला ठाऊक त्यानं भाव सांगायचा."

आज हे सगळं आठवलं म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. मला आता मुलाकडे हैदराबादला कायमचं जायचं आहे, म्हणून सामान कमी करून राहिलो. काल इथल्याच विजय नगरचा एक पोरगा आला, जुन्या वस्तू घेणारा. आपल्यातलाच, पण मराठी तुटक. कॅमेरा हातात घेण्याआधीच म्हणतो, "काका, शटर जाम असणार. लेन्समध्ये फंगस पण दिसतंय." मी खिडकीच्या उजेडात भिंग धरून दाखवलं, स्वच्छ. कानाशी धरून शटर दाबलं, सहाव्या अक्षराला टक्. तो हसला. "अच्छा, चलतं? पण चलून करायचं काय, काका? आतमध्ये बल्ब टाकू, टेबल लॅम्प बनेल. कोपरे थोडे घासू, पितळ दिसलं की रेट वाढतो." म्हणजे तुम्ही मऊ कपड्यानं पुसलेला तो काळा रंग हा घासणार, आणि त्या खोट्या म्हातारपणाचे जास्त पैसे घेणार! त्याच्या मोबाइलवर हाच कॅमेरा होता, त्याखाली किंमतही. मी वाकून बघू लागलो तर त्यानं मोबाइल पालथा केला. त्याला ठाऊक होतं, बाबा. तरी भाव मलाच विचारत होता. किळस आली मला, हात धुवावेसे वाटले. आणि त्याहून जास्त किळस माझी आली, कारण कटकट नको म्हणून मी म्हणालो, "बरं, उद्या ये. घेऊन जा."

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. तोच असेल म्हणून पिशवीत घातलेला कॅमेरा घेऊनच दार उघडलं. दारात काठी टेकून एक म्हातारी. माझ्याहून मोठीच, रिक्षानं एकटी आलेली, धापा टाकत होती. "भाऊ, काल आला होता तो माझा नातू. मोबाइलमध्ये इथं काढलेला फोटो दाखवून म्हणे, आजी, याचा दिवा करतो. मी म्हटलं, काहून रे, मेल्या? हा कॅमेरा मी ओळखते, हे घरही." लग्नासाठी नागपूरला पाठवायचा तिचा फोटो तुम्ही इथेच, याच व्हरांड्यात काढला होता. "बघायला आलेल्यांनी चालून दाखव, वाकून दाखव, सगळं करायला लावलं. तुमचे बाबा तेवढे माझ्यापुढे वाकले."

वाकले म्हणजे काय, ते मला कळलं. त्या कॅमेऱ्यात वरून बघावं लागतं. समोर कोणीही असो, काढणाऱ्याची मान आपोआप खाली जाते.

"विकायचं नंतर बघा," ती म्हणाली, "आधी माझा एक काढा." आता ती व्हरांड्यातल्या खुर्चीत पदर नीट करून बसली आहे आणि आतून चष्मा आणतो सांगून मी हे लिहून राहिलो. बाबा, घरात फिल्मचा रोल नाही. कित्येक वर्षांत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. जातो, मान वाकवतो.