दलदलीत सोडलेलं निर्माल्य

डार्मश्टाट, ६ सप्टेंबर

प्रिय जयंतराव यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा नवा गुडघा आणि प्रभाताईंची नवी कवळी, दोन्ही आता रुळले असतील. आम्ही सुखरूप आहोत. फक्त रविवारी नक्की काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर कळवा.

आमच्या सिद्धेशने पसंत केलेल्या योहानाच्या वडिलांची आणि आमची ती पहिली भेट. तिला आई नाही, त्यामुळे लग्नाची सगळी भिस्त या एका माणसावर. आम्ही शाल, नारळ, पेढे घेऊन तयार, तर त्यांनी, म्हणजे हेर (इकडचं ‘श्रीयुत’) ब्रुगमान यांनी, घरी न बोलावता दोन तासांवरच्या एका संरक्षित दलदलीत बोलावलं (ते तिथले राखणदार). फळ्यांच्या अरुंद वाटेवरून आम्ही एकामागे एक निघालो, आमची सौ. लतिका पैठणीत आणि सिद्धेशच्या गमबुटांत. बोलायचं ते कुजबुजत. मग ते अर्धा तास एका डबक्याकडे बघत उभे राहिले, म्हणून आम्हीही राहिलो. एक चतुर उडाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान डोलावली. पुढे टिकलीएवढं, माशा खाणारं रोपटं त्यांनी दाखवलं, ते मी गुडघे टेकून पाहिलं (आपण मुलाकडचे असूनही!).

घोटाळा लतिकाने केला. गणपतीचं निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायला तिचं मन होईना, म्हणून पिशवी सोबत घेतली होती. असं निवांत पाणी बघून तिने हात जोडले आणि झेंडू, दूर्वा सगळं त्यात सोडलं. हेर ब्रुगमान पांढरेफटक पडले. सिद्धेशने सांगितलं, की ही दलदल उपाशी राहूनच जगते, फुलं कुजून खत झालं तर इथलं शेवाळ मरतं. (खताने मरणारी जागा मी तरी पहिल्यांदाच पाहिली.) लतिका रडू लागली. पोराचं लग्न आपल्याच हाताने मोडलं, असं मलाही वाटलं. तेवढ्यात ते फळीवर पालथे पडले आणि लांब दांड्याच्या गाळणीने एकेक पाकळी काढू लागले. मीही शेजारी पालथा झालो. होऊ घातलेले दोन व्याही तासभर तसेच. दूर्वा एकवीस होत्या हे कळल्यावर ते विसावर थांबेनात.

शेवटी ती ओली पिशवी छातीशी धरून त्यांनी लतिकाला वाकून नमस्कार केला आणि मुकाट्याने निघून गेले. हा होकार की नकार? योहानाला विचारलं तर म्हणते, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. पण काय बरोबर?

आपला गोंधळलेला,
श्यामकांत

ता. क. आत्ताच त्यांचा फोन आला. माणसं चांगली वाटली म्हणाले.

आणखी एक. तुमच्याकडे हे निर्माल्य कुठे सोडता, असं त्यांनी विचारलं, आणि लतिकाने अभिमानाने सांगून टाकलं, नदीत. डिसेंबरात ते गाळणी घेऊन ती नदी बघायला पुण्याला येताहेत. लग्नाचं काठावर बसून ठरवू म्हणाले. तरी आपली म्हणून दाखवता येईल अशी एखादी नदी आत्तापासून शोधून ठेवा. लांब असली तरी चालेल.