सगळं घर ओरडत होतं

आबा, आज एका म्हाताऱ्या फौजीचं यंत्र सुरू करून दिलं. तुमच्यासारखेच तोफेपायी कान गेलेले. सांगलीत माझं कामच ते. डॉक्टर ऑपरेशन करून कानाच्या आत बारीक तार बसवतात, बाहेर कानामागं छोटं यंत्र लागतं, आणि बिघडलेला भाग ओलांडून आवाजाचा इशारा थेट नसेला पोचतो. त्यातून बोलणं ओळखायला मी शिकवते. सुरुवातीला माणसाचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा लागतो, मग महिन्या-महिन्यानं शब्द सुटे होत जातात. तुम्ही तर आधी सगळं ऐकलेलं, तुम्हाला लवकर उमगलं असतं. पण त्या बहात्तर-त्र्याहत्तर सालात आपल्याकडं कुठलं आलंय हे! चीड येते नुसती. यंत्र सुरू होताच त्यांच्या घरची सगळी माणसं त्यांच्या तोंडाशी जाऊन ओरडायला लागली. मी म्हटलं, "अहो, हळू बोला! त्यांना काय वाटेल?"

काय वाटतं ते मला चांगलं माहीत आहे. लढाईवरून तुम्ही रहिमतपूरला घरी आलात आणि आम्ही सगळे ओरडूनच बोलायला लागलो. चहा घ्या, ओरडून. जेवायला चला, ओरडून. आईच्या तर मानेच्या शिरा फुगायच्या. तुम्हाला आवाज काहीच नाही, दिसायची नुसती वासलेली तोंडं आणि वटारलेले डोळे. तुम्ही गप्प गप्प होत गेलात. मग एका सकाळी ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभे. "मी तुमास्नी नकोसा झालोय. समद्यांच्या तोंडावर दिसतंय की! सांगलीला कुठंबी पहारेकरी म्हणून ऱ्हाईन, पर हितं न्हाई."

"आवं, जाऊ नगा!" आई गळा फाडून ओरडते. तुम्ही तिच्याकडं बघता आणि पाठ फिरवता. ती जितकी ओरडत मागं येते, तितके तुम्ही भरभर चालता. शाळकरी पोर मी, धावत सुटते. स्टँडवर गाडी सुरू, तुमचा एक पाय पायरीवर. मी सदरा धरते, पण धापेनं आवाजच फुटत नाही, नुसते ओठ हलतात.

"आबा, कुनी रागावलं न्हाई."

तुम्ही माझ्या ओठांकडं बघत राहता. कंडक्टर घंटी मारतो.

"परत म्हण."

मी परत म्हणते.

"मग वरडता कशापायी?"

"तुमास्नी ऐकू यावं म्हणून."

तुम्ही पाय खाली घेतलात. त्या दिवसापासून घर हळू बोलायला शिकलं, तुम्ही होता तोवर.

हे पत्र टाकणार कुठं? तरी सांगते. आईला आता कमी ऐकू येतं. काल गोळी घेतली का म्हणून विचारलं, परत विचारलं, आणि मग ओरडले. ती पदर चाचपत म्हणाली, "मी काय केलं गं? रागावू नगंस."

आबा, मी खरंच रागावले होते.