सातवा प्रश्न आणि बाबांचा कढीपत्ता

आई, तुला लिहायचं चार महिने टाळलं. खरं तर टाळत होते बाबांच्या कराचा फॉर्म, तुझं पत्र त्याच्या मागे रांगेत उभं होतं. बाबा तिकडे वर तुझ्याकडे आले हे तुला माझ्याआधी कळलं असेल. पण मृत्युपत्रात त्यांनी एक्झिक्युटर, म्हणजे मागचं सगळं निस्तरणारी, मला केलंय, हे सांगितलं का? ताईला नाही, मला! ताई ऑकलंडच्या टाकानिनीत फार्मसी चालवते, डॉक्टरांचं अक्षरसुद्धा वाचते. मी दोन कॉलेजं सोडलेली, किवीच्या बागांमधून हिंडणारी, व्हॅनमध्ये झोपणारी. वकिलाला म्हणे ते म्हणाले होते, "धाकटीला एकदा तरी एका जागी बसू दे."

तर बसलेय, ऑकलंडमध्येच, माउंट रॉस्किलच्या बाबांच्या घरात, स्वयंपाकघरात. न्यूझीलंडमध्ये मेल्यावर कर नाही. पण तू गेलीस त्या अमेरिकेतल्या राज्यात आहे, आणि तिथला आपला फ्लॅट बाबांनी कधी विकलाच नाही. तिथल्या कराच्या फॉर्ममधला सातवा प्रश्न असा: मृत व्यक्तीचं कायमचं घर कुठे होतं? तिथे होतं म्हटलं तर बाबांच्या इथल्या पुंजीवरही कर बसेल, आणि तो भरायला हे घर विकावं लागेल.

"ऑकलंड लिही आणि मोकळी हो," ताई फोनवर.

"फॉर्मखाली खरं लिहिल्याची शपथ आहे. आणि बाबा दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या वर्षी परत अमेरिकेला जाऊ."

"दर दिवाळीला ते चकल्या पण करणार होते."

मला तुझा तिथला ओटा दिसतो. मी गणिताची वही अर्धी टाकून खिडकीतल्या खारीच्या नादी लागलेय. तू पोळी लाटता लाटता ओरडतेस, "सुरुवात करायला तू आणि शेवट करायला मी!" मग उरलेली गणितं तूच केलीस. सगळी चुकली. बाईंनी मला उभं केलं, पण तुझं नाव मी सांगितलं नाही.

बघ, भरकटले. आजही सातव्या प्रश्नावर अडले आणि पोहे करायला उठले. कढीपत्त्यासाठी मागे गेले. बाबांनी तो कायम कुंडीत ठेवलेला. जमिनीत का लावत नाही विचारलं तर म्हणायचे, "निघताना कुणाला तरी देता येईल." थंडीत घरात, उन्हाळ्यात बाहेर, पाहुण्यासारखा. आणि आज बघते तर कुंपणापाशी थेट मातीत! कुंडी गायब. मला वाटलं ताईनं लावला. ताई म्हणाली, "मला वाटलं तू. नाही, तू कशाला लावशील म्हणा."

एक कबूल करते. कुठेच न टिकणाऱ्या मला हे घर हवंय. म्हणून ऑकलंड लिहायला हात धजत नाही. खरं आहे म्हणून लिहितेय की मला हवंय म्हणून, तेच कळत नाही.

बेल वाजली. दारात शेजारचा म्हातारा, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून. कुंपणाच्या भांडणापासून बाबांशी न बोलणारा तो. हातात आपली कुंडी, त्यात पुदिना.

"किया ओरा," त्यानं माओरीत नमस्कार केला. "तुझ्या बाबांची आहे. झाड लावायला माझं फावडं नेलं होतं, त्या दिवशी ही कुंडी मला दिली. म्हणाले, मला आता नको, मी कुठे जात नाहीये."

आई, थांब जरा. याला आत बोलावते, बाबांचं हे बोलणं पुरावा म्हणून कागदावर लिहून देतो का विचारते. फॉर्म आज पुरा होणार. पत्र अर्धंच राहतंय, शेवट तू कर.