शेवटच्या एस्टीपर्यंतचा सिनेमा

५ ऑक्टोबर, रविवार. पौड.
आजपासून रोजनिशी. प्रसिद्धी आली की नोंदी ठेवाव्या लागतात. वरच्या खोलीतली भाडेकरू किमया, बँकेत आहे, पोरगी हुशार, तिने माझ्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ‘दयानंदकाका आणि जुने सिनेमे’. तरुणपणी पुण्यात छापखान्यात होतो तेव्हा पाहिलेल्या सिनेमांवर मी रोज एक मत द्यायचं. हल्ली मतं सगळ्यांची असतात, अभ्यास कोणाचा नसतो. माझा आहे.
पहिलं मत दिलं : दरोडेखोरांच्या सिनेमात घोडे फार आणि दरोडे कमी. बऱ्याच जणांनी अंगठे दिले.

७ ऑक्टोबर.
आजचं मत, खुनाचा सिनेमा. खुनी डॉक्टर आहे हे मी इंटरव्हलनंतर लगेच ओळखलं होतं, असं लिहिलं. शेखर नावाचा कोणी आगाऊ मेंबर म्हणे, काका, खुनी माळी असतो, डॉक्टरच त्याला पकडून देतो. मी उत्तर दिलं की त्या काळी गावोगावी वेगळे शेवट दाखवायचे. त्यावर कोणी काही बोललं नाही. पटलं असावं.
हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मी नेहमी संध्याकाळचा खेळ बघायचो आणि पौडची शेवटची एस्टी खेळ सुटायच्या आधी निघायची. त्यामुळे एकाही सिनेमाचा शेवट मी पाहिलेला नाही. यात कमीपणा काही नाही. आंबा खाल्ल्यावर कोय चोखलीच पाहिजे असं कुठे आहे?
तरी संकल्प : यापुढे शेवटाबद्दल मत द्यायचं नाही.

८ ऑक्टोबर.
संकल्प मोडला. जुळ्या भावांच्या सिनेमात शेवटी आई दोघांना ओळखते, असं ठोकून दिलं. बरोबर निघालं. म्हणजे पद्धत चुकीची नव्हती, माळी चुकीचा होता.

११ ऑक्टोबर, शनिवार.
भानगड. किमयाने सारजाला सांगितलं की जुने सगळे सिनेमे आता टीव्हीवर घरबसल्या बघता येतात. सारजा म्हणजे आमची मंडळी. तिने लगेच भावाबहिणीचा तो सिनेमा मागितला.
हिला थिएटर कधी दिसलं नाही. घरात सासू, म्हशी, मुलं. मी आलो की जेवता जेवता हातवारे करून तिला स्टोरी सांगायचो. शेवट माझा मी जोडायचो. चांगलेच जोडायचो, उगाच कोणाला मारलं नाही. भावाबहिणीच्या सिनेमात बहीण जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून देते, कागदावर सही करते, भाऊ तिच्या पायावर डोकं ठेवून रडतो. तिथे मी उठलो होतो. पुढचं माझं : भाऊ म्हातारा होईपर्यंत दर भाऊबीजेला घुंगरांची बैलगाडी घेऊन तिला न्यायला येतो. सारजा हा भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. बैलांची नावंसुद्धा विचारायची. तीही मी ठेवली होती.
पोटात जळजळ. बहुतेक दुपारची मिसळ.

१२ ऑक्टोबर.
काहीही संबंध नसलेली एक गोष्ट. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी हिचा भाऊ नरहरी हिंजवडीजवळच्या माणहून वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडीचा कागद घेऊन आला होता. हिने मला विचारलं, काय करू? मी जेवत होतो. मी तिला तो सिनेमा पुन्हा सांगितला, घुंगरांसकट. हिने सही केली. पुढे माणला कंपन्या आल्या. आता नरहरीच्या तीन इमारती आहेत आणि सगळ्या खोल्या भरलेल्या. आधी दर भाऊबीजेला यायचा. मग ड्रायव्हरकडून साडी यायला लागली. गेल्या वर्षी फोनवर पणतीचं चित्र आलं.
पण त्या वेळी सगळ्याच बहिणी सह्या करायच्या. सिनेमाला कशाला दोष द्यायचा?
जळजळ कायम. काल मिसळ नव्हतीच, पिठलं होतं.

१४ ऑक्टोबर.
किमयाला बाजूला घेऊन सांगितलं की त्या सिनेमाची रिळं जळून गेली, आता तो मिळणं अशक्य. माझा चहा संपायच्या आत तिने शोधून दिला. वर म्हणाली, काका, प्रिंट एकदम स्वच्छ आहे.
सारजाचा बेत आणखी पुढचा. नरहरीला भाऊबीजेला बोलवायचं आणि सिनेमा दाखवायचा. मी म्हटलं, तो कामाचा माणूस, त्याला कुठला वेळ? तर म्हणाली, “शेवट बगितला की त्याला बी आठवंल. भाऊ हाय तो, दगुड न्हाई.”
ती आत गेल्यावर मी रिमोटचे सेल काढून गव्हाच्या डब्यात टाकले.

१५ ऑक्टोबर.
सेल सापडले. आज नेमकं दळण होतं.

१६ ऑक्टोबर.
नवा बेत, आणि पक्का. शेवट आपण आधी बघून ठेवायचा. वाईट असला तर हिला हळूहळू तयार करता येईल. ही बचत गटाला गेल्यावर बसलो. सिनेमा अजून छान आहे, पण नायकाचे कल्ले फार. सही झाली, भावाने पायावर डोकं ठेवलं, आणि माझे पाय आपोआप चपला शोधायला लागले. भानावर आलो तेव्हा एस्टी स्टँडवर होतो. कंडक्टरने विचारलं, कुठं जायचंय? मी म्हटलं, कुठंच नाही.

१८ ऑक्टोबर.
पुन्हा बसलो. पुन्हा तिथेच उठलो. बाहेर आलोच होतो म्हणून कोथिंबीर आणली.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
नरहरीचा फोन. येतो म्हणाला. तो येणार नाही यावर माझी सगळी भिस्त होती. सारजा अनारसे तळताना गुणगुणत होती. तिला असं गुणगुणताना ऐकून किती वर्षं झाली, आठवत नाही.
आज तिला खरं सांगणार होतो. पण लक्ष्मीपूजनाला कडू विषय बरा नाही.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
हिने मला ओवाळलं. मी साडी दिली. तबक खाली ठेवता ठेवता म्हणाली, “तुमी सांगितलं नसतं तर शिनेमा म्हंजी काय त्ये मला कळलंच नसतं.”
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तेवढ्यात शेजारचे फराळाला आले. शेजारी गेल्यावरही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सोडा घेतला. उपयोग शून्य.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.
नरहरी आला. मोठी गाडी, गळ्यात चेन, हातात दोन फोन. सारजाने ओवाळलं. त्याने तबकात पाकीट ठेवलं आणि घड्याळात पाहिलं. किमयाने सिनेमा लावून दिला.
सुरुवातीला मी रंगात आलो. आता भाऊ झाडावर चढणार. आता सावकार खोकणार. प्रत्येक गोष्ट मी आधी सांगत होतो आणि ती घडत होती. सारजा नरहरीकडे अभिमानाने बघत होती, की बघ, ह्यांना सगळं पाठ आहे.
सही झाली. भावाने पायावर डोकं ठेवलं. नरहरीने रुमाल काढला. खरंच डोळे भरले होते त्याचे. नाक पुसलं आणि उठला. म्हणाला, “निगतो आक्का, हिंजवडीला लई ट्रॅफिक लागतंय.”
सारजा म्हणाली, शेवट तर बघ. तो म्हणाला, पुढच्या येळी. गाडी गेली.
माझा जीव भांड्यात पडला. मी रिमोट घेतला आणि म्हटलं, मुख्य सिनेमा झालाच आहे, आता बंद करू. सारजा म्हणाली, राहू द्या. थोड्या वेळाने तिने विचारलं, “फुडं काय हुतंय?”
मी रिमोट उलटसुलट केला.
“आतापत्तर सगळं सांगत व्हता. फुडं?”
मी म्हणालो, “पुढं शेवटची गाडी होती.”
कसं तोंडातून गेलं, कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.
पडद्यावर सकाळ झाली. बहीण परत आली, भावाच्या हातातून तो कागद घेतला आणि टराटरा फाडला. म्हणाली, अर्धं शेत माझं आहे, मी कसणार. भाऊ चिडला, वहिनीने दार लावून घेतलं. मग मधे बांध घातलेला दिसला, दोन बाजूंना दोघं राबताना दिसली. शेवटी भाऊ पहिल्या पिकाची कणसं घेऊन बांध ओलांडून बहिणीच्या खोपटापाशी येतो. दोघं जेवायला बसतात. बैलगाडी नाही, घुंगरं नाहीत.
सारजाने ‘समाप्त’ची पाटी येईपर्यंत सिनेमा पाहिला. मग उठून अनारशांचा डबा झाकला. नरहरीला बांधून द्यायचे राहून गेले होते.

२४ ऑक्टोबर.
किमया ग्रुपसाठी मत मागत होती. शेवटासकट पाहिलेला हा माझा पहिलाच सिनेमा. मत सुचत नाही. ग्रुप बंद कर म्हणालो. तिला वाटलं, माझी तब्येत बरी नाही.
पोट मात्र ठीक आहे. ती जळजळ पोटात नव्हतीच.
सारजा कालपासून काही बोलली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी चहा आणून दिला, उंबऱ्यात बसली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, “त्या दिशी तुमची यष्टी चुकाया पायजे व्हती.”
चुकली असती तर पौडपर्यंत चालत यावं लागलं असतं, असं मी म्हणणार होतो. नाही म्हटलं.