ड्रम उघडायचा नाही

२ जानेवारी २०२५

नवीन डायरी. गेल्या वर्षीची जानेवारीतच आटपली होती, यंदा तसं होणार नाही. संकल्प एकच. ड्रमचा प्रश्न धसास लावायचा.

इतिहासासाठी नोंद. आमच्या माळ्यावर एक निळा प्लास्टिकचा ड्रम आहे. आत माझ्या व्हीएचएस कॅसेट. टीव्हीवर महाड-पोलादपूरचं जे जे लागलं ते मी त्या काळात रेकॉर्ड केलं. रायगडचा रोपवे, वीर स्टेशनात आलेली कोकण रेल्वेची पहिली गाडी, वीस मार्चचे चवदार तळ्यावरचे कार्यक्रम. बराचसा माल ज्या चॅनेलने दाखवला ते चॅनेल कधीच बंद पडलं. ज्यांनी ते विकत घेतलं ते म्हणतात, जुनं सामान आमच्याकडे आलंच नाही. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात हे फक्त आमच्या माळ्यावर आहे.

जबाबदारी कोणाची? सरकारची. सरकार येईपर्यंत माझी.

एकवीसच्या पुरात पाणी माळ्याला लागलं. शेजारच्यांचा फ्रिज गेला, आमचाही गेला. ड्रम मात्र वाशाला दोरीने बांधलेला, शांतपणे तरंगत राहिला. झाकणाला मी आतून बाहेरून चिकटपट्टी मारली होती. अनुपमा म्हणते, फ्रिज बांधला असता तर बरं झालं असतं. बायकोला दूरदृष्टी नाही.

५ जानेवारी

श्रुतिका आली होती. चंद्राआत्याची नात, पोलादपूरला बँकेत आहे. चंद्राआत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. आत्या आणि तिचे यजमान भागोजीमामा यांची भीमगीतांची पार्टी होती. आत्या गायची, मामा ढोलकीवर आणि पुढची ओळ उचलायला. एका वीस मार्चला त्यांचं गाणं टीव्हीवर लागलं. मी रेकॉर्ड केलं. अर्थातच.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. फोटो होते ते पुरात गेले. आता आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले आहे ती नजरही फार दिवस राहायची नाही. श्रुतिका म्हणाली, काका, कॅसेट द्या, मुंबईत एकजण मोबाइलवर उतरवून देतो, आजीला एकदा आजोबा बघायचेत.

मी सांगितलं, असं कोणीही येऊन घेऊन जायला हा काही भाजीचा गाडा नाही. लेखी अर्ज करा. ती हसली. मी हसत नाही हे बघून थांबली.

१२ जानेवारी

समिती स्थापन केली. महाड-पोलादपूर दूरचित्र वारसा संवर्धन समिती. अध्यक्ष मी. सचिव अनुपमा. रबरी शिक्का करून आणला. शिक्का बघूनच तिला कळलं की ती सचिव आहे. तिने स्वयंपाकघरातून राजीनामा दिला. लेखी नसल्यामुळे नामंजूर.

व्हॉट्सअॅप ग्रुपही काढला. सकाळी सोळा जण होते. आता मी आणि केबलवाला. त्याला बहुधा बाहेर कसं पडायचं ते माहीत नाही.

२० जानेवारी

आत्याचा अर्ज आला. स्वतःच्या हाताने लिहिलाय, मोठं मोठं अक्षर, ओळी खाली उतरत गेलेल्या. पण अपूर्ण. हेतूचा रकाना कोरा. परत पाठवला.

संध्याकाळी तिचाच फोन. सुहास रे, हेतू म्हंजे काय लिवू? मानूस बघायचाय माझा, अजून काय.

मी तिला समजावलं की ‘वैयक्तिक अवलोकन’ असं लिहायचं. ती म्हणाली, तू सांगशील तसं, पण लवकर कर, मला आता भाकरी करपल्याचं वासानं कळतं. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण आज आत्याला सूट दिली तर उद्या सगळं महाड दारात उभं राहील.

अनुपमा म्हणाली, आत्तापर्यंत कोण कोण आलंय?

मुद्दा तो नाही.

३ फेब्रुवारी

सरकारी कचेरी. ड्रमचा रीतसर पंचनामा करून सरकारने तो ताब्यात घ्यावा, असा अर्ज घेऊन गेलो. टेबलावरच्या माणसाने न वाचताच विचारलं, पुराचा का? मी म्हटलं, हो, एका अर्थी. नुकसान किती? म्हटलं, नुकसान काहीच नाही, सगळं वाचलंय, तेच तर सांगतोय.

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, काका, महाडात वाचलेल्याचा पंचनामा होत नाय. गेलं असतं तर केला असता.

ही मानसिकता! मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं की याच वृत्तीमुळे देशाचा इतिहास पुसला जातो. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, बाबा, सातबाऱ्याची रांग हाय, बाजूला व्हा. झालो. पण ताठ मानेने.

११ फेब्रुवारी

विपुलचा डोंबिवलीहून फोन. आमचे चिरंजीव. श्रुतिकाने त्याला गाठलेलं दिसतं. म्हणे, पप्पा, मित्राकडे मशीन आहे, मी रविवारी येऊन कॅसेट नेतो. निदान ड्रम उघडून बघा तरी, टेपला हवा लागते.

यांना तत्त्वच कळत नाही. ड्रम सीलबंद आहे हाच पुरावा. उद्या सरकारी माणूस येईल तेव्हा मी सांगू शकेन की पुराच्या आधीपासून याला कोणाचा हात लागलेला नाही. उघडला की संपलं.

मग विचारतो, त्याला अजून वास येतो का? फोन ठेवला.

वासाबद्दल नोंद. ड्रम आमच्या कंपनीतला. एमआयडीसीत मी स्टोअर सांभाळायचो तेव्हा त्यातून सॉल्व्हंट, म्हणजे ते उग्र रसायन, यायचं. निवृत्तीच्या वेळी सगळे घड्याळ घेतात, मी ड्रम मागून घेतला. धुतला होता. बऱ्यापैकी धुतला होता. थोडा वास राहिला, पण त्यामुळेच वाळवी, झुरळ जवळ येत नाही. अनुपमा तेव्हा म्हणाली होती, यात मी तांदूळसुद्धा ठेवणार नाही. कॅसेटना काय चव कळते? बाहेर कंपनीचा काहीतरी मजकूर छापलेला होता, तो बरा दिसत नव्हता, म्हणून त्यावर कागद चिकटवून टाकला होता. आज त्याच कागदावर समितीचा शिक्का मारला.

१८ फेब्रुवारी

विजय! दिल्लीलाही अर्ज केला होता, त्याचं उत्तर. ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ फ्रेम करायला टाकलं.

संबंधित विभागाला फोन लावला. बाई म्हणाल्या, हा विषय आमचा नाही, प्रसारण ज्याने केलं त्याचा. ज्याने केलं ते बंद पडलं, मी म्हटलं. मग त्यांना विचारा, बाई म्हणाल्या. बंद पडलेल्यांना!

पण पत्र पत्रच असतं. पत्राचा, पाकिटाचा, पाकिटावरच्या शिक्क्याचा, सगळ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मी पाठवलेल्या प्रत्येक अर्जाचा आहेच. जतन म्हणजे काय, हे यांनी माझ्याकडून शिकावं.

२६ फेब्रुवारी

आत्या स्वतः आली. पोलादपूरहून एसटीने, श्रुतिकाचा हात धरून. दुरुस्त केलेला अर्ज पिशवीत घेऊन. चहा घेतला नाही. माळ्याकडे तोंड करून बसली आणि विचारलं, ह्यात हाईत का ते? ती बघत होती तिथे पंखा होता.

मग म्हणाली, सुहास, तू बघितलायस ना ते? काय घातलं होतं रे त्यांनी?

मला आठवत नव्हतं. पण अध्यक्षाने आठवत नाही असं म्हणणं बरं दिसत नाही. म्हटलं, कोट. राखाडी.

आत्या म्हणाली, कोट? त्यांना कुटला रं कोट. मी म्हटलं, टीव्हीवाल्यांनी दिला असेल. तिला ते पटलं. जाताना श्रुतिकाला सांगत होती, गो, आजोबांनी कोट घातलाय.

श्रुतिकाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी येथे नोंदवत नाही.

निर्णय. वीस मार्चला, तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्धापनदिनीच, मान्यवरांच्या उपस्थितीत ड्रमचं जाहीर उद्घाटन. आत्याचा अर्ज मंजूर. शिक्का मारला. मी काही दगड नाही.

९ मार्च

व्हीसीआर मिळाला. आमचा पुरात गेला होता, हे लक्षात आलं नव्हतं. हिरकणीवाडीत दत्ताराम म्हणून एकाची खानावळ आहे, त्याच्या गल्ल्याखाली पडला होता, त्यावर पाण्याच्या बाटल्या रचलेल्या. मी समितीची माहिती देऊ लागलो तर तो म्हणाला, न्या हो, कोण बघतंय आता. ना अर्ज, ना काही. मी जबरदस्तीने त्याला शिक्क्याची पावती दिली. त्याच पावतीत त्याने कांदाभजी बांधून दिली. मलाच.

अनुपमाच्या भावाकडून त्याच्या लग्नाची जुनी कॅसेट आणून घरी लावून बघितली. चालतो! भाऊ अजून वाईट नाचतो.

मान्यवरांना निमंत्रणं गेली. उत्तरं यायची आहेत.

२० मार्च, सकाळ

मान्यवर सगळे तळ्यावर. साहजिक आहे, आजचा दिवसच तसा. कालच लक्षात यायला हवं होतं. हरकत नाही. गर्दीपेक्षा दर्जा महत्त्वाचा. अनुपमाने चाफ्याची फुलं आणली. श्रुतिका आणि आत्या निघाल्यात. आत्याने पांढरं पातळ नेसलंय म्हणे, नवीन. आज सरकारला, चॅनेलला, विपुलला, सगळ्यांना दाखवून देतो.

२० मार्च, संध्याकाळ

ड्रम खाली उतरवला. उतरवताना कागद सुटून आला. खालचा मजकूर: रिकामा ड्रम पुन्हा वापरू नये. कंपनीत ही पाटी मीच छापून घ्यायचो.

चिकटपट्टी कापली, झाकण काढलं. श्रुतिका मागे सरली. अनुपमाने खिडक्या उघडल्या. इतक्या वर्षांत वास कमी व्हायला हवा होता, तो आत कोंडून वाढला होता. कॅसेटचे डबे मऊ पडून एकमेकांना चिकटले होते. तळ्याची कॅसेट वरच होती. हातात घेतली. टेप उलगडली तर काळा थर बोटांना लागून आला आणि खाली नुसती पारदर्शक पट्टी राहिली. ओल्या भिंतीचा रंग सुटावा तसा. दुसरी घेतली. तिसरी.

चूक ड्रमची. असा ड्रम कामगाराला नेऊ देणाऱ्या कंपनीची. वेळेवर न आलेल्या सरकारची. यांची मी नावानिशी तक्रार करणार आहे.

आत्या टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली होती. हात मांडीवर. टीव्हीचा निळा उजेड तिच्या तोंडावर. तिने विचारलं, लागलं का रे? परत विचारलं, सुहास, लागलं का? माझं बी डोळं आता काय कामाचं नाय, तू सांग, कोटात कसे दिसतात?

मला सांगता आलं असतं. दोन वाक्यं बनवून सांगता आली असती, तयार होती तोंडात. नाही जमलं. म्हटलं, आत्या, गेलं. सगळं गेलं. कोटपण नव्हता.

तिने माझा हात चाचपून धरला, तिच्या पांढऱ्या पातळाला काळे डाग पडले. म्हणाली, वाटलंच मला. कोट घालणारा मानूसच नव्हता तो. आणि तिथेच, नुसत्या निळ्या टीव्हीसमोर, तिने गाणं धरलं. आवाज फाटलाय, पण सूर जागेवर. श्रुतिकाने मोबाइल काढला. मी काळे हात पुढे धरून उभा. पुसायला काहीतरी द्या, असं म्हणायचं होतं, पण गाणं चालू होतं.

२२ मार्च

कंपनीला तक्रार लिहायला घेतली. ‘मी स्वतः स्टोअरमध्ये असताना’ इथे अडलो. उद्या बघू.

श्रुतिकाला मेसेज लिहायला घेतला. परवाच्या गाण्याची एक प्रत समितीला मिळावी. हेतू: जतन. जतनाच्या पुढे काय लिहावं याचा विचार करत होतो तेवढ्यात चुकून गेला. मिनिटभरात व्हिडिओ आला. अर्ज नाही, सही नाही. खाली नुसतं लिहिलं होतं, घ्या काका.

उतरेना. मोबाइल म्हणतो, जागा शिल्लक नाही, जुनं काहीतरी काढून टाका. बघितलं तर सगळी जागा माझ्या पत्रव्यवहाराने खाल्लेली. अर्ज, पोचपावत्या, दिल्लीचं पाकीट समोरून, पाकीट मागून. फ्रेममध्ये एक आहेच, अनुपमा म्हणाली. काढून टाकलं. सगळं.

व्हिडिओ उतरला. लावला. आत्या गाते, आणि मध्येच एका जागी थांबते. तोंड बंद, मान थोडी बाजूला. काहीच ऐकू येत नाही. मी मोबाइल हलवला. बंद करून परत लावला. त्याच जागी पुन्हा तेच. म्हटलं, हा पण खराब निघाला.

अनुपमा भांडी घासता घासता म्हणाली, अडकलेला नाही तो. ती ओळ भागोजीमामांची आहे.

पुन्हा लावला. या वेळी हलवला नाही.