टेबलाखालचा पाय

प्रिय बारक्या,

आई बरी आहे, तिचा गुडघा बरा आहे आणि तुझ्यावरचा तिचा जीवही जिथल्या तिथे आहे. तू विसरून गेलेल्या चपला ती अजून पुसून ठेवते. माझ्या सिमेंटने माखलेल्या बुटांना मात्र दाराबाहेरच जागा. ‘आपला तो बाब्या’ ही म्हण आईवरूनच पडली असणार. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. बरं, तक्रार म्हणूनच लिहिते.

परवा तुमच्या कंपनीत आले होते. तुम्ही तो दवाखाना बांधताय ना, त्याच्या प्लास्टरचं काम मला मिळतंय, त्याचा करार घ्यायला. मी बाहेर बाकावर आणि तू काचेच्या खोलीत, तुझ्या मॅडमच्या शेजारी. तू मला पाहिलं नाहीस. पाहून न पाहिल्यासारखं केलं असशील, तर तुझं तू जाण. तू त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ठेवलंस. माझ्यासाठी कधी ठेवलं होतंस? उलट माझीच बाटली पळवायचास. मग तांबड्या पेनाने एका ओळीवर खूण करून तू त्यांना ती पुन्हा वाचायला लावलीस. अगदी तसंच, जसं मला लावायचास. मला एवढा राग आला की शिपायाने आणून दिलेला चहा मी तसाच गार होऊ दिला.

तुझे दाजी म्हणतात, भावाला चांगली नोकरी लागली, तर बहिणीने खूश व्हावं. त्यांचं काय जातंय म्हणायला. तुझ्या नोकरीचा, पगाराचा, गाडीचा मला हेवा वाटत नाही. तुझ्या मॅडमचा वाटतो. चांगला पोट दुखेपर्यंत वाटतो.

तुला आठवतं, लहानपणी बाबांनी काही विचारलं की मी सगळं भडाभडा ओकून टाकायचे, म्हणून तू जेवताना टेबलाखालून माझा पाय दाबायचास. बाबांच्या मागे आपण दोघांनी धंदा हातात घेतला, तेव्हा तीच युक्ती चालवली. समोर बिल्डर बसलेला, मी मान डोलवायच्या बेतात, आणि खालून तुझा बूट. पाय दाबला की मी खोकायचे आणि विचार करून सांगते म्हणायचे. पाय मोकळा राहिला की डोळे मिटून सही. भिंत ओळंब्यात आहे का, ते मला नुसतं बघून कळायचं आणि कागद कुठे वाकडा आहे ते तुला. कधी ठरवून वाटण्या केल्या नव्हत्या, पण झकास चाललं होतं.

तू धंदा सोडून नोकरीला गेल्यावर पहिल्याच कामात मी तोंडावर आपटले, हे आईने तुला सांगितलंच असेल. शाळेची पुढची भिंत बांधत होते. तिथला इंजिनिअर उन्हात उभा राहून म्हणाला, ताई, मागचीही घ्या बांधून, बिलात धरू. एवढं गोड बोलला की मी हो म्हणून बसले. भिंत झाली, त्याची बदली झाली, आणि नवा साहेब म्हणतो, लेखी हुकूम दाखवा. आता मुलं त्या भिंतीवर चढून बसतात आणि मी साहेबाच्या दारात. उन्हात टेबल नव्हतं, आणि असतं तरी त्याच्याखाली तू नव्हतास.

परवा निघताना मी पदर सावरायचं निमित्त करून वाकले आणि काचेतून तुमच्या टेबलाखाली पाहिलं. हसू नकोस, खरंच पाहिलं. तुझे पाय तुझ्या खुर्चीखाली नीट जुळवलेले होते. तेवढ्यावर मला रात्री झोप लागली.

करार मात्र घरी आणून स्वतः वाचला, बोट ठेवून, ओळ न् ओळ. दवाखान्याच्या मालकाने तुम्हाला पैसे दिले तरच तुम्ही मला देणार, असं एक कलम आहे. त्याने दिलेच नाहीत, तर माझ्या गवंड्यांनी काय प्लास्टर खायचं? भाषा तुझीच आहे, मी ओळखली. याच कलमावर तू एकदा माझा पाय इतक्या जोरात दाबला होतास की अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तेच तू आता त्यांच्यासाठी लिहितोस, आणि छान लिहितोस. हे जास्त झोंबलं.

सोमवारी सह्या आहेत. ते कलम निघालं नाही तर काम सोडून उठायचं, असं मी ठरवलंय, कारण या मापाचं एक बिल अडकलं तरी बाबांचा धंदा माझ्या हातून बुडेल. कलम काढ असं तुला सांगत नाही. तू त्यांचं मीठ खातोस, त्यांच्याशी इमानाने राहा. मी माझं माझं भांडेन. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की सोमवारी तू त्या खोलीत बसू नकोस. रजा काढ, पोट बिघडलं म्हणून सांग, काहीही कर. मॅडम एकट्या असल्या तर मी त्यांना पुरून उरेन. पण तू समोर बसलेला असशील आणि माझा पाय मोकळा राहील, तर माझा हात आपोआप सहीकडे जाईल.

कुणाच्याही शेजारी बसलास तरी, तुझीच
ताई