हायड्रेंजियाला शेजार

१२ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

पत्र मी सांगतोय, लिहितेय तुझी भाची. तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोष तिचा आणि मजकूर कळला नाही तर माझा. डॉक्टर म्हणतात, साखर उतरल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही. म्हणजे एक डोळा एप्रिलमध्ये, दुसरा त्याच्यानंतर. तोवर मुक्काम लेकीकडेच. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि आता भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसू नये, चीड येते गं.

मागल्या अंगणातल्या हायड्रेंजियाकडे लक्ष असू दे. त्याच्या पायाशी माती उघडी पडलीये, लगेच सुकते. सावलीत वाढणारं काहीतरी बुटकं त्याच्या शेजारी लाव. पुदिना नको, तो सगळी जागा बळकावतो. आणि खुरपं खोल घालू नकोस, त्याची मुळं अगदी वरवर असतात. तुझ्या सासूबाईंनी आणलेलं झाड आहे ते. डोळे बरे होऊन घरी आलो की आधी त्याची निळी फुलं बघायची, असं ठरवून बसलोय.

नातीचा हात दुखायला लागला, म्हणून आशीर्वाद आटोपशीर.

अप्पा


२ मार्च

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. रविवारी रोपवाटिकेत तासभर घालवला. बेगोनिया छान होता, पण शेवटी हंसराज घेतला. नेचाच तो, काळे बारीक देठ आणि नाजूक पानं. खुरप्याऐवजी जेवणाच्या चमच्याने खड्डे केले. तुमचे चिरंजीव खिडकीतून बघून पोट धरून हसत होते. मदतीला मात्र आले नाहीत.

रोपवाटिकेतला माळी म्हणाला, हंसराजाला चुना मानवतो. भिंतींच्या सफेदीतला चुना उरला होताच, तो घातला. झाडाची काळजी सोडा आणि गोड खाणं सोडा. वन्संनी मला सगळं कळवलंय.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सूनबाई


५ जून

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली, हे वन्संच्या पत्रातून कळलं. इतकं बरं वाटलं! आणि लगेच आठवलं, घरी आलात की तुम्ही आधी फुलं बघणार.

स्पष्टच सांगते. फुलं गुलाबी आली आहेत. एक नाही, दोन नाही, सगळीच्या सगळी. तशीच माळ्याकडे धावले. तो म्हणाला, चुन्याने मातीचा आंबटपणा जातो आणि मग निळ्याची गुलाबी होतात. मी विचारलं होतं ते हंसराजाचं, हायड्रेंजियाचं नावही काढलं नव्हतं. दिवसभर औषधाच्या दुकानात एकेक गोळी मोजून देणारी मी, चुना मात्र घमेलंभर ओतला! पुन्हा निळी व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतील म्हणे.

ह्यांचं म्हणणं, अप्पांना सांगूच नको, बहर ओसरला की त्यांना घेऊन येऊ. मला ते जमेना. सासूबाईंची एवढी एक आठवण माझ्या हातून गेली, या विचाराने दुकानातही डोळे भरून येतात. हवं तेवढं रागवा अप्पा, पण अबोला धरू नका.

तुमची अपराधी,
सूनबाई


११ जून

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

हे अक्षर माझं स्वतःचं, बघ ओळखू येतंय का. तुझं पत्र आलं तशी नात वाचायला सरसावली, तर मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. दोन वर्षांत मी स्वतः वाचलेलं हे पहिलं पत्र. तीनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, मग दोनदा नुसतं वाचता येतंय म्हणून. काना, मात्रा, तू खोडलेला शब्दसुद्धा दिसला. काय सांगू, रडलो मी.

फुलांचं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एकदम हसूच फुटलं. अगं, निळा रंग माझा लाडका. तुझ्या सासूबाईंनी ते झाड गुलाबी म्हणून आणलं होतं! पहिल्याच वर्षी निळी फुलं आली तशी ती तरातरा गेली आणि दुकानदाराशी भांडून आली, फसवलंत म्हणाली. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही. मी दर बहराला तिला चिडवायचो. दुकानदार बिचारा खरंच बोलत होता आणि सगळी करणी आपल्या मातीची होती, हे आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. तुझ्या घमेल्याने कळलं.

तेव्हा आता चुना उकरत बसू नकोस, फक्त आणखी घालू नकोस. हंसराज राहू दे तिथेच. शनिवारी येतोय, तोवर बहर टिकव. तिला हवा होता तो रंग तिला काही बघायला मिळाला नाही, तो मी बघणार. शेवटी तिचंच खरं झालं.

लोभ आहेच, तो काय विचारायचा.

अप्पा